माणसांचं घर, प्राण्यांचं घर

मंडळी, इंग्लंडमधल्या मराठी घरात एक वाद कधी ना कधी होतोच. मूल सात-आठ वर्षांचं झालं, शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी खेळून आलं, की मागणी येते, "आई, आपण पण डॉग घेऊ या ना!" बाबांचं उत्तर ठरलेलं, "आणि सुट्टीत इंडियाला गेल्यावर त्याला कोण बघणार?" आईचं उत्तर त्याहून ठरलेलं, "आणि गालिच्यावरचे केस कोण काढणार?" मग तडजोड म्हणून गोल्डफिश येतो. गोल्डफिशच्या मागून हॅमस्टर, हॅमस्टरच्या मागून ससा. आमच्याकडे ही रांग थांबलीच नाही. आज घरात एक मांजर, दोन ससे, एक कासव आणि बजी पक्ष्यांची एक भांडकुदळ जोडी आहे. सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या, तेव्हा दारातच थबकून म्हणाल्या, "अगं, हे घर म्हणायचं की राणीचा बाग?"

प्रश्न थट्टेचा होता, पण मला इतिहासाची खोड. आपल्याआधी कुणी कुणी असे 'राणीचे बाग' घरात मांडले होते, आणि तिथल्या प्राण्यांचं पुढे काय झालं, हे मी शोधायला लागले. लायब्ररीतून पुस्तकं आणली, काही घरं रस्त्यावरून जाऊन पाहिली. त्यातली चार घरं आज तुम्हाला दाखवते. तीन या देशातली आणि एक आपल्याकडचं, गडचिरोलीच्या जंगलातलं. वाचताना एक प्रश्न सारखा मनात येत होता. इथे घराला प्राणी हवे होते, की प्राण्यांना घर हवं होतं? वरवर पाहता दोन्ही सारखंच वाटतं, कारण प्रेम दोन्हीकडे असतं. पण शेवट मात्र फार वेगवेगळे होतात.

या चार घरांच्या आधी आपले जुने वाडे आठवा. माझ्या आजोळी, वाईला, गोठ्यात गाय आणि म्हैस होती, चुलीच्या उबेला मांजर, अंगणात कुत्रं, आणि आढ्यावर चिमण्यांचा संसार. जेवायला बसण्याआधी गोग्रास निघायचा, कावळ्याला घास जायचा, आजी मुंग्यांच्या वारुळापाशी साखर टाकायची. आपल्या पंचमहायज्ञांत याला भूतयज्ञ असं भारदस्त नाव आहे. आजीला ते नाव माहीत असेल-नसेल, पण घरातलं अन्न फक्त माणसांचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या वाड्यात 'पेट' असा कुणी नव्हता. गाय दूध द्यायची, मांजर उंदीर धरायचं, कुत्रं राखण करायचं आणि चिमण्या आपल्या मर्जीच्या मालकिणी होत्या. अपवाद एकच, ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यातला मिठू. तो काहीच काम करत नसे आणि कुठे जाऊही शकत नसे. आम्ही मुलं सगळ्यांत जास्त लाड त्याचेच करायचो. भारतात असा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं आज वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे अजूनही पुष्कळांना माहीत नसतं.

आता पहिलं घर. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात विल्यम बकलंड नावाचे धर्मगुरू राहत. ते भूगर्भशास्त्राचेही मोठे अभ्यासक होते. १८२४ साली त्यांनी मेगॅलोसॉरस या प्राण्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. डायनोसॉर हा शब्दसुद्धा तेव्हा जन्माला आला नव्हता! यॉर्कशायरमधल्या कर्कडेल गुहेत हाडांचा खच सापडला, तेव्हा ती हाडं कुणी फोडली हे ठरवायला त्यांनी जिवंत तरसापुढे हाडं टाकली आणि दातांच्या खुणा ताडून पाहिल्या. असा बाप असल्यावर घर कसं असणार? त्या घरात जिवंत आणि मेलेले प्राणी सारख्याच संख्येनं असत, आणि बरेचसे जेवणाच्या टेबलावरही येत. हो, खायला! जगातला प्रत्येक प्राणी चाखून पाहायचा असा बकलंडसाहेबांचा संकल्पच होता. उंदीर झाले, मगर झाली. चिचुंदरीसारखा जमिनीत राहणारा मोल हा प्राणी आणि निळी माशी यांची चव सर्वांत वाईट, असा त्यांचा निकाल होता.

१८२६ साली जन्मलेला त्यांचा मुलगा फ्रँक वडिलांच्या दोन पावलं पुढे गेला. कॉलेजात असताना त्यानं अस्वलाचं पिल्लू पाळलं. ॲसिरियाच्या राजाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं टिग्लाथ पिलेसर, लाडानं टिग. शिवाय माकड, कोल्हा, गरुड, मार्मट असा गोतावळा होताच. १८४७ साली ऑक्सफर्डला मोठी विज्ञानपरिषद भरली, तेव्हा टिग विद्यार्थ्याची टोपी आणि झगा घालून गार्डन पार्टीला हजर होता आणि नामवंत शास्त्रज्ञांशी त्याची रीतसर ओळख करून देण्यात आली. शेवटी कॉलेजच्या प्रमुखांनी फ्रँकला बजावलं, की एक तर अस्वल जाईल नाही तर तू. टिगची रवानगी आधी खेड्यातल्या घरी झाली. तिथे त्यानं वाण्याच्या दुकानात शिरून साखर आणि मिठाई फस्त केली, म्हणून तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला. तिथेच तो मेला.

फ्रँक पुढे लष्करात सर्जन झाला. नंतर रीजंट्स पार्कजवळ अल्बनी स्ट्रीटवर राहायला आला. तिथे शेकोटीजवळची उबदार जागा माकडांची, आणि पाहुण्यांनी आपापलं सांभाळायचं. परदेशी प्राणी आणून इथे रुजवायचे, म्हणजे गरिबांना स्वस्त मांस मिळेल, या हेतूनं १८६० साली निघालेल्या संस्थेमागे तो होता. १८६७ पासून १८८० मध्ये मरेपर्यंत तो सामन माशांच्या नद्यांचा सरकारी तपासनीस होता आणि मासे टिकावेत म्हणून त्यानं जिवाचं रान केलं. मला हा माणूस आवडतो. त्याच्या घरात कुतूहल होतं आणि मायाही होती. पण त्या काळात प्राणी हा एकाच वेळी मित्र, नमुना आणि जेवण असू शकत होता, आणि त्यात कुणाला काही विसंगत वाटत नव्हतं.

दुसरं घर पाहायला तुम्ही एखाद्या रविवारी सहज जाऊ शकता. चेल्सीत थेम्सच्या काठी १६, चेनी वॉक. दारावर पाटी आहे. चित्रकार आणि कवी दांते गॅब्रिएल रोझेटी इथे राहायचा. १८६२ च्या फेब्रुवारीत त्याची बायको लिझी सिडल लॉडनम म्हणजे अफूचा अर्क जास्त झाल्यानं गेली. दुःखात त्यानं आपल्या कवितांची हस्तलिखितं तिच्याबरोबर पुरली, आणि त्याच वर्षी तो या मोठ्या, रिकाम्या घरात राहायला आला. मागे प्रशस्त बाग होती. ती बाग त्यानं प्राण्यांनी भरायला सुरुवात केली.

त्याच्या भावानं पुढे आठवणी लिहिल्या आहेत, त्यात या प्राण्यांची भली मोठी यादी आहे. वाचताना दम लागतो. कुत्री, ससे, हेजहॉग, डॉरमाऊस, खारी, आर्मडिलो, कांगारू, वॉलबी, हरीण, रकून, मार्मट, चार-पाच जातींची घुबडं, मोर, डोमकावळा, बोलका पोपट, सरडे, जपानी सॅलमँडर. आणि या सगळ्यांत आपल्याकडचा एक पाहुणा म्हणजे वशिंडाचा बैल! तो म्हणे बागेत झाडाला बांधलेला असे. एके दिवशी त्यानं झाडच उपटलं आणि मालकाला बागभर पळवलं. दुसऱ्याच दिवसापासून त्याच्यासाठी गिऱ्हाईक शोधणं सुरू झालं असणार, असं आपलं माझं मत.

गोष्टी सांगाव्यात तेवढ्या थोड्या. आर्मडिलो बीळ खणत खणत शेजारच्या स्वयंपाकघराच्या फरशीखालून वर निघाला आणि तिथल्या स्वयंपाकिणीला सैतानच दिसला. रकूननं ड्रॉवरमध्ये घर केलं आणि कागद कुरतडले. मोरांच्या ओरडण्यानं तर अख्खी आळी हैराण झाली. पुढे त्या भागातल्या जमीनमालकांनी भाडेपट्ट्यात मोर न पाळण्याचं कलमच घातलं. श्रावणात आपल्याला जो आवाज ऐकून बरं वाटतं, त्यावर लंडनमध्ये कायदेशीर बंदी!

हे प्राणी यायचे कुठून? साम्राज्याच्या बोटींतून. पूर्व लंडनमध्ये रॅटक्लिफ हायवेवर जॅमरॅकचं दुकान होतं. खलाशी जगभरातून प्राणी आणायचे आणि तिथे विकायचे. १८५७ साली या दुकानाचा एक वाघ पिंजऱ्यातून सुटला आणि त्यानं रस्त्यावरच्या एका मुलाला तोंडात धरलं. मूल वाचलं. टोबॅको डॉकपाशी वाघ आणि मुलगा यांचा पुतळा आहे, तो या प्रसंगाचा. म्हणजे बंगल्यातल्या गमतीच्या मागे बंदरातला एक अख्खा व्यापार होता. वाटेत किती प्राणी दगावत असतील, याचा हिशेब कोण ठेवणार?

रोझेटीचा सर्वांत लाडका प्राणी म्हणजे वॉम्बॅट. ऑस्ट्रेलियातला हा गुबगुबीत, आखूड पायांचा, बिळात राहणारा प्राणी. १८६९ च्या सप्टेंबरात तो घरी आला. मित्र विल्यम मॉरिस याच्या टोपणनावावरून त्याचं नाव ठेवलं टॉप. त्याच ऑक्टोबरात, पुरलेल्या कविता परत मिळाव्यात म्हणून, रोझेटीच्या संमतीनं हायगेटच्या दफनभूमीत लिझीची कबर उकरण्यात आली. आणि ६ नोव्हेंबरला टॉप मेला. जेमतेम दोन महिने. रोझेटीनं मेलेल्या वॉम्बॅटशेजारी रुमालात तोंड लपवून रडणारा स्वतः असं एक चित्र काढलं. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मग टॉपला पेंढा भरून दिवाणखान्याच्या वाटेवर ठेवण्यात आलं.

लोक या चित्राला हसतात. मला हसू आलं नाही. तो माणूस खरंच एकटा होता, खरंच रडत होता. पण दमट, थंड लंडनमध्ये त्या वॉम्बॅटला काय हवं असेल, हा विचार त्याच्या मनात आला असेल असं त्या घराच्या हकिगतीवरून वाटत नाही. प्राणी एकमेकांना मारत होते, हरवत होते, आजारी पडत होते, आणि त्यांच्या जागी नवे येत होते. रोझेटीच्या घराला प्राण्यांची फार गरज होती. प्राण्यांना मात्र त्या घराची गरज नव्हती.

गंमत म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, १९६९ साली, त्याच चेल्सीत एक सिंह राहायला आला. दोन तरुण ऑस्ट्रेलियन मित्रांनी हॅरॉड्समधून २५० गिनींना सिंहाचा छावा विकत घेतला. ख्रिश्चन त्याचं नाव. किंग्ज रोडवरच्या फर्निचरच्या दुकानाच्या तळघरात तो राहायचा आणि जवळच्या चर्चच्या आवारात फुटबॉल खेळायचा. पण हे दोघं वर्षभरात ओळखून चुकले, की याची जागा इथे नाही. १९७० मध्ये त्यांनी त्याला केनियात जॉर्ज ॲडमसनकडे नेलं. पुढच्या वर्षी ते भेटायला गेले, तेव्हा सिंहानं धावत येऊन दोघांना मिठी मारली. त्याची फिल्म २००८ च्या सुमारास इंटरनेटवर जगभर फिरली, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. १९७६ साली ब्रिटनमध्ये धोकादायक वन्य प्राणी बाळगण्याविरुद्धचा कायदा झाला, त्याच वर्षी दुर्मिळ प्राण्यांच्या आयातीवरही निर्बंध आले. जॅमरॅकचा वारसा दुकानांतून तरी संपला.

तिसऱ्या घराचा धागा आपल्या देशात सुरू होतो. जेरल्ड ड्यूरेल १९२५ साली जमशेदपूरला जन्मला. वडील इंजिनिअर होते. ते लवकर गेले आणि आई मुलांना घेऊन इंग्लंडला परतली. १९३५ ते १९३९ हे कुटुंब कॉर्फू या ग्रीक बेटावर राहिलं. दहा वर्षांच्या जेरीनं तिथलं घर डोक्यावर घेतलं. घुबड, कासव, मॅगपाय पक्षी, आंघोळीच्या टबात पाणसाप, आणि काडेपेटीत पिल्लांसकट विंचवीण! ती काडेपेटी जेवणाच्या टेबलावर थोरल्या भावानं उघडली, तो प्रसंग त्याच्या 'माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स' या १९५६ सालच्या पुस्तकात आहे. मुलांना जरूर वाचून दाखवा.

पण खरी गोष्ट पुढची. मोठेपणी ड्यूरेल आफ्रिकेतून प्राणी आणून प्राणिसंग्रहालयांना देऊ लागला. १९५७ मध्ये कॅमेरूनहून परत आल्यावर मात्र त्याला आपले प्राणी कुणाला द्यावेसे वाटेनात. जागा तर नव्हती. मग बोर्नमथला बहीण मार्गो भाड्यानं खोल्या देत असे, तिच्या परसात पिंजरे लागले आणि छोटा चिंपांझी घरात माणसांबरोबर! शेजारी काय म्हणाले असतील याची कल्पना करा. आपल्यापैकी कुणाच्या भावानं हे केलं असतं, तर भाऊबीज त्याच वर्षी बंद झाली असती. १९५९ साली जर्सी बेटावर त्याचं प्राणिसंग्रहालय उघडलं. उद्देश लोकांना दाखवणं एवढाच नव्हता. नामशेष व्हायला आलेल्या जाती वाढवायच्या आणि परत जंगलात सोडायच्या, हे खरं काम. खूण म्हणून त्यानं डोडो निवडला, मॉरिशसमध्ये माणसानं संपवलेला पक्षी.

मॉरिशसचं नाव निघालं की आपले तिथले मराठी बांधव आठवतातच. त्या बेटावरचा केस्ट्रल, म्हणजे छोटा ससाणा, १९७४ मध्ये अवघे चार उरल्याची नोंद आहे. ड्यूरेलच्या संस्थेनं तिथल्या लोकांबरोबर चिकाटीनं काम केलं आणि तो पुन्हा शेकड्यांत आला. तिथलं गुलाबी कबूतरही असंच वाचलं. काडेपेटीतल्या विंचवापासून निघालेला मुलगा इथवर पोचला. लहानपणी त्याच्या घराला प्राणी हवे होते, मोठेपणी त्यानं प्राण्यांसाठी घर बांधलं.

चौथं घर तुम्ही ओळखलंच असेल. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी भामरागडजवळ हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. तेव्हा वीज नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात जगाशी संबंध तुटलेला. आजूबाजूचे माडिया गोंड शिकार करून पोट भरत. एकदा काही जण शिकार करून माकडीण घेऊन चालले होते. ती मेलेली होती, पण तिचं पिल्लू तिला बिलगून दूध शोधत होतं. आमट्यांनी ते पिल्लू मागितलं. माडियांना ते द्यायला जड जात होतं, कारण त्यांच्या दृष्टीनं तेही अन्नच होतं. मग बदल्यात तांदूळ दिले आणि पिल्लू घरी आलं. तिचं नाव बबली.

इथे मला या जोडप्याचं मोठेपण दिसतं. शिकार करू नका असं त्यांनी भुकेल्या माणसाला सुनावलं नाही. मोठा प्राणी तुम्हाला लागतो, ठीक आहे, पण अनाथ पिल्लू आम्हाला आणून द्या, आम्ही धान्य देऊ, असा तो व्यवहार होता. मग पिल्लं येऊ लागली. बिबटे, अस्वलं, हरणं, तरस, मगरी, साप. माणसांची मुलं आणि ही पिल्लं एकाच अंगणात वाढली. विलास मनोहरांचं 'नेगल' आणि प्रकाश आमट्यांचं 'रानमित्र' ही पुस्तकं आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असतील. 'नेगल' हे तिथल्या बिबट्याचंच नाव. २००८ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो प्रामुख्यानं माडियांमधल्या वैद्यकीय आणि शैक्षणिक कामासाठी. प्राणी ही त्याच कामाची दुसरी बाजू.

हेमलकशाचं घरसुद्धा आदर्श म्हणून नुसतं मिरवण्यासारखं नाही. माणसाच्या हातून दूध प्यायलेला बिबट्या पुढे रानात सहसा टिकत नाही. त्याला शिकार शिकवणारी आई नसते आणि माणसाची भीतीही गेलेली असते. म्हणजे एकदा त्याला आत घेतलं, की जन्मभराची जबाबदारी. आपल्या मुलांना "मी पण बिबट्या पाळणार" असं वाटलं, तर त्यांना हे आवर्जून सांगायला हवं. तिथे कुणी हौसेनं बिबट्या आणला नाही. त्याला जायला दुसरं दारच नव्हतं.

चारही घरांत प्रेम होतं, हे मी मनापासून म्हणते. रोझेटीचे अश्रू खोटे नव्हते. पण प्रेम पुरेसं नसतं, एवढं हा इतिहास नक्की शिकवतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या प्राणीकल्याण कायद्यानं ही गोष्ट साध्या भाषेत लिहून ठेवली आहे. प्राणी पाळणाऱ्यानं पाच गोष्टी पुरवायच्या. योग्य जागा, योग्य अन्न, आपल्या स्वभावाप्रमाणे वागायची मोकळीक, जातीप्रमाणे सोबत किंवा एकांत, आणि दुखण्यापासून संरक्षण. माझ्या आजीच्या वाड्यात यातल्या बऱ्याच गोष्टी न सांगता होत्या. मिठूच्या पिंजऱ्यात मात्र तिसरी नव्हती.

तेव्हा या दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी पुन्हा डॉग मागितला, तर लगेच "नाही" म्हणू नका आणि लगेच दुकानातही जाऊ नका. ही पाच कलमं फ्रिजवर लावा आणि एकेक त्यांच्याबरोबर तपासा. रेस्क्यू सेंटरमध्ये जाऊन या. तिथे असे जीव असतात, ज्यांना खरोखरच घर हवं असतं. आमचं मांजर तिथूनच आलं. कासवही एका आजोबांचं होतं, वृद्धाश्रमात जाताना त्यांना ते नेता आलं नाही.

आणि एक लक्षात असू द्या. इथे आपली दिवाळी आणि गाय फॉक्सचे फटाके पाठोपाठ येतात. त्या आठवड्यात मांजराला आत घ्या, सशांच्या खुराड्यावर जाड पांघरूण टाका, पण हवेला वाट ठेवा. आपल्या सणाची सुरुवातच वसुबारसेनं होते, गाय-वासराची पूजा करून. लंडनमध्ये गाय कुठून आणणार? पण त्या संध्याकाळी पहिली पणती लावताना घरातल्या मुक्या मंडळींना त्यांचा घास आधी द्यायला काहीच हरकत नाही.

तुम्हा सर्वांना, दोन पायांच्या आणि चार पायांच्या, दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!